पोचल्याचा निरोप

आमच्या घरातून कुणी गावाला निघालं की ते तिकडे पोचेपर्यंत घर झाडायचं नाही, ही आजीची शिस्त होती. अशी रीत गावात बऱ्याच घरांत होती, पण बाकीच्यांना माणूस वेशीबाहेर गेलं की तिचा विसर पडे. आजी विसरत नसे. कुणी जिंतूरला गेलं तर एसटी पोचायचा अंदाज धरून ती आईला म्हणे, "घे आता केरसुणी." परभणीला गेलं तर दुपार व्हायची. तोवर ज्वारीची फोलपटं, शेंगांची टरफलं, कोंबड्यांची पिसं, सगळं जागच्या जागी. दाराजवळच्या पोत्यावर बसून ती अडकित्त्यानं सुपारी कातरायची आणि तिचा भुगा आपल्याच मांडीवरून खाली झटकायची. वर आम्हाला म्हणायची, "पाय उचलून चाला, केर पसरायलाय."

मी परभणीला कॉलेजात होतो त्या सुमारास काकांनी तिला कॅनडाला बोलावलं. काका म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ, तिकडे इंजिनियर. काकूला दुसरं मूल झालं होतं आणि दोघांचीही नोकरी. दोन वर्षांसाठी ये, असं त्यांनी कळवलं. आजीनं तालुका ओलांडला होता तो लग्नाकार्यापुरता. ती नाही म्हणेल असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. ती म्हणाली, "तुमाला संभाळलं, त्यांनी काय पाप केलंय? ती बी माझीच नातरं हायती."

निघताना आईनं तिच्या हातावर दही घातलं. ते चाटून पदराला हात पुसत आजीनं आईला बजावलं, "पोचल्याचा निरोप आल्याबिगर झाडू नको बरं का."

"न्हाई झाडत, आत्याबाई."

"अन् तोंड असं करू नको. दोन वर्सं म्हंजे काय, दोनदा हुरडा खाल्ला की झालं."

वडील तिला मुंबईपर्यंत सोडायला गेले. मी परभणीच्या स्टेशनवर दोघांना गाडीत बसवून दिलं. खिडकीतून तिनं सुपारीचं एक खांड माझ्या हातावर ठेवलं, लहानपणी ठेवायची तसं. मला सुपारी आवडत नाही, पण मी ते गाडी दिसेनाशी होईपर्यंत तोंडात धरून ठेवलं.

गावात फोन नव्हता. जिंतूरच्या आडत्याच्या दुकानात होता आणि आमचा कापूस तिथंच जायचा, म्हणून निरोप तिथं द्यायचं ठरलं होतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एसटीच्या कंडक्टरनं पारावर उतरून सांगितलं, "म्हातारी पोचली म्हणं सुखरूप." पारावरून ते आईपर्यंत आलं. आईनं देवापुढं साखर ठेवली आणि घर झाडून काढलं. आजीच्या जागेवरचा सुपारीचा भुगा, वातीच्या कापसाचे तंतू, तिचे दोन-चार पांढरे केस, सगळं सुपात भरून उकिरड्यावर टाकलं.

वडील मुंबईहून परत आले तेव्हा मीही परभणीहून त्यांच्याबरोबर घरी आलो. पाय धुता धुता ते आईला म्हणाले, "विमान लय मोठं असतंय म्हणं. परवा रात्री बसली बिचारी. आज लागंल तिकडं."

आई तांब्या धरून तशीच उभी राहिली. "आज? निरोप तर त्याच्या आधीच आला की. पोचल्या म्हणून."

"तो मुंबईत पोचल्याचा गं. मीच केला होता फोन."

म्हणजे आजी मुंबईत विमानाची वाट बघत बसलेली असताना इकडे घर झाडून झालं होतं. वडिलांनी हसण्यावारी न्यायचं बघितलं. "मुंबईपत्तूरचं झाडलं म्हण, पुढचं ऱ्हाऊ दे."

आईनं ते खरंच धरलं. पुढचा निरोप येईपर्यंत तिनं केरसुणी हातात घेतली नाही. काकांचा फोन आडत्याकडे यायला आठवडा गेला. तोवर घराची अशी दशा झाली की शेजारच्या काकू उंबऱ्यात उभ्या राहून म्हणाल्या, "काय गं, केरसुणी बी कॅनडाला धाडलीस का सासूसंगं?" आई हसली नाही. निरोप आल्यावर तिनं झाडलं, पण पहिल्यांदा झाडलं ते झाडलंच, हे तिच्या मनातून गेलं नाही. दोन वर्षं होऊन गेली. काकांचा धाकटा अजून लहान आहे, मग आजीचा गुडघा धरलाय, मग कागदपत्रं अडकलीत, अशी कारणं येत राहिली आणि आई प्रत्येक कारण आपल्या अंगावर घेत राहिली.

आजीला लिहिता येत नव्हतं. तिकडून कुणी येणारं असलं की काका कॅसेट भरून पाठवत. आम्ही शाळेच्या मास्तरांकडून टेप आणून ओसरीत सगळे गोल बसून ऐकायचो. एकदा आईनं आम्हा सगळ्यांना बाहेर काढून टेपमध्ये काहीतरी भरलं. काय भरलं ते उत्तर आल्यावर कळलं.

"अगं येडे," आजीचा आवाज आला, पाठीमागं पोरांचा गलका. "न झाडणं हे माणूस नीट पोचावं म्हणून असतंय. मी पोचले का न्हाई? चांगली पोचले. माघारी येण्याचं त्याच्यात काय न्हाई. ते तुझ्या केरसुणीच्या हातात न्हाई, अन् आता माझ्या बी न्हाई." मग बराच वेळ नुसती खरखर. मग तीच पुन्हा, "हितं केरसुणीच न्हाई. नळीचं यंत्र हाय, घुर्र करतंय अन् धूळ पोटात ठिवून घेतंय. पोरगा कामावर निघाला का सून लगीच लावती. म्या एकदा वायरच काढून ठिवली. म्हणलं, पोचू दे की त्याला!"

सगळे हसले. आई डोळ्याला पदर लावून हसत होती. मी ती कॅसेट नंतर एकट्यानं पुष्कळदा ऐकली, हसण्याच्या जागेसाठी नव्हे, त्या खरखरीसाठी. त्या वेळी ती काय करत असेल, कुठं बघत असेल, खिडकीबाहेर काय असेल, याचा मला काही अंदाज बांधता यायचा नाही. तिचं इथलं बसणं, उठणं, खोकणं मी डोळे मिटून सांगितलं असतं.

दरवर्षी ती म्हणायची, "औंदा हुरड्याला येते." वडील दरवर्षी विहिरीजवळचा ज्वारीचा एक पट्टा तिच्या नावानं राखायचे.

मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार झाला त्या थंडीत ती गेली. आंदोलनांमुळं एसटी कधी चालू, कधी बंद. आडत्याचा माणूस मोटारसायकलवर निरोप घेऊन आला. अग्नी तिकडेच काकांनी दिला होता. आमच्याकडे ना तिरडी, ना राख. शेजारच्या काकू आल्या, आईला जवळ घेतलं, आणि थोड्या वेळानं म्हणाल्या, "घर झाडून, सारवून घ्यावं लागंल बाई आता."

आई म्हणाली, "अजून निरोप कुठं आलाय?"

"आता कसला निरोप?"

केरसुणी दाराआड होती ती तिथंच राहिली.

दहावा गंगाखेडला केला. वडिलांनी पिंडाजवळ राखलेल्या पट्ट्यातला मूठभर हुरडा ठेवला आणि मागे सरून हात जोडले. कावळे पुष्कळ होते, पण कुणी जवळ येईना. भावकीतले एक म्हातारे म्हणाले, "काय ऱ्हायलं असंल तिचं, बोला." वडील एवढंच म्हणाले, "माय, ये." एक कावळा खाली उतरला. मी कावळ्याला भूक असते एवढंच मानणारा माणूस आहे. त्यानं आधी हुरडा उचलला, मग पिंडाला चोच लावली.

घरी पोचलो तेव्हा आई उंबऱ्यात उभी होती. तिनं विचारलं, "पोचल्या?"

"पोचली," वडील म्हणाले.

आईनं केरसुणी घेतली आणि आजीच्या जागेपासून सुरुवात केली. मी सूप धरलं. त्यात नुसती धूळ आली, आणि ज्वारीची थोडी फोलपटं. सुपारीचा एक कणही नव्हता.