कपाळाला लागलेली शाई

मिरजेत अप्पांचा रद्दीचा गाडा होता. एका खोलीत आम्ही पाच जण, आणि उरलेल्या जागेत रद्दी. पाऊल टाकावं तिथे कागद. पाय लागला की कागदाला हात, मग कपाळाला... दिवसातून वीसदा तरी. त्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. केमिस्ट्रीत एम.एस्सी. केलं, स्कॉलरशिपवर इकडे आले. हे सांगते कारण भूतबित, अंगात येणं असल्या गोष्टींना मी कधी भीक घातली नाही. आजही घालत नाही.

केंब्रिजमधल्या एका म्युझियममध्ये जुने कागद जपायचं काम करते. गेल्या एप्रिलमध्ये प्रोबेशन संपायला आठवडा राहिला होता. नोकरी गेली असती तर व्हिसाही गेला असता.

सकाळचे अकरा. ट्रॉलीवर एका डच उस्तादाचं चित्र उघडं होतं. विशीत असताना त्यानं स्वतःचाच चेहरा तांब्याच्या पत्र्यावर काढून छापलेला — तळहाताहून लहान, केस विस्कटलेले, डोळे सावलीत. याच्या प्रती जगात मोजक्याच. खुर्ची ओढताना माझा पाय ट्रॉलीला लागला. हात आपोआप गेला. बोटं चित्राला, मग कपाळाला.

छापलेल्या भागाला बोट लावायचं नाही, हा तिथला पहिल्या दिवशीचा नियम.

तेवढ्यात माझी सीनियर हेलन आत आली. "कपाळाला काय हे? चर्चमध्ये राख लावायचा बुधवार तर केव्हाच झाला. आणि तू हिंदू."

फोनच्या कॅमेऱ्यात पाहिलं. काळा, ओला ठिपका. बोटांनाही तेच. वास जवसाच्या तेलाचा. म्युझियमच्या त्या खोलीत पेनसुद्धा चालत नाही, फक्त पेन्सिल.

गप्प राहता आलं असतं. सांगून टाकलं.

"बोट का लावलंस?"

"पाय लागला म्हणून."

"चित्राला?"

"ट्रॉलीला."

"आणि माफी चित्राची मागितलीस?"

"हो."

ती हसली नाही. मायक्रोस्कोप ओढला. चित्र जसंच्या तसं, एकही रेघ पुसट नाही, शाई ठणठणीत कोरडी. कपाळावरचा ठिपका कापसावर घेऊन लॅबला दिला. तपासणीत निघालं काजळी आणि उकळलेलं जवसाचं तेल, म्हणजे जुन्या पद्धतीची छपाईची शाई. अजून न वाळलेली.

अप्पांना फोनवर सांगितलं, तर म्हणाले, "वाळायच्या आधी हात लावलास, लागणारच की."

"अप्पा, चारशे वर्षं झाली त्याला."

"मग शाई लईच घातली असंल."

ट्रॉली, हातमोजे, माझी बॅग, सिंक... सगळं तपासलं. शाई कुठेच नव्हती. झाल्या प्रकाराच्या रिपोर्टमध्ये 'कारण' पुढे हेलननं 'अज्ञात' लिहिलं. 'चूक' पुढे मी माझं नाव लिहिलं आणि सही केली.

शुक्रवारी मला कायम केलं. आमच्या घरातली ही पहिली कायमची नोकरी.