कांताबाई ओव्हाळ गोरिला बघायला जातात

विश्रांतवाडीच्या कांताबाई ओव्हाळ यांनी एकतीस वर्षं एका कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात परिचर म्हणून काढली. मूळची ही नोकरी त्यांच्या नवऱ्याची, सुखदेवची. तो रस्त्यावरच्या अपघातात गेला तेव्हा मुलगी सोनाली दोन वर्षांची होती आणि कांताबाई एकोणतीसच्या. अनुकंपेवर त्याची जागा त्यांना मिळाली. पहिल्याच दिवशी फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेल्या नमुन्यांच्या बरण्या पुसताना त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. सगळ्यांना वाटलं, बाई नवऱ्याच्या आठवणीने रडताहेत. "निम्मं त्याचं होतं, निम्मं फॉर्मॅलिनचं," असं त्या पुढे सोनालीला सांगत.

शिक्षण दहावीपर्यंतचं. पण प्रॅक्टिकलच्या आदल्या दिवशी टेबलांवर नमुने मांडायचे, त्यांना क्रमांक द्यायचे, परीक्षा झाली की पुसून परत कपाटात ठेवायचे, हे वर्षानुवर्षं करता करता त्यांना ते सगळं तोंडपाठ झालं. घाबरलेली मुलं परीक्षेआधी "मावशी, अकरा नंबरला काय आहे?" म्हणून मागे लागत. कांताबाईंनी कधी सांगितलं नाही. मात्र परीक्षा संपल्यावर चुकलेल्या पोराला थांबवून, "हे बघ, इथे बोट फिरव, मग कळेल," असं म्हणून हाड हातात देत.

एका वर्षी एक संशोधक पाहुणे आले आणि त्यांनी युगांडातल्या डोंगरी गोरिलांची फिल्म दाखवली. पडदे ओढायचं काम कांताबाईंचं. पडदे ओढून त्या दाराशी उभ्या राहिल्या. फिल्ममध्ये मुसळधार पाऊस होता. एक मादी पिल्लाला पोटाशी घेऊन, पाठ वाकवून बसली होती. कळपातले बाकीचे झाडांखाली गेले, ती होती तिथेच राहिली. पाऊस ओसरेपर्यंत हलली नाही.

त्या दिवशी घरी पोचेपर्यंत कांताबाईंना दुसरं काही सुचलं नाही. हे आपण एकदा बघायचं, असं त्यांनी मनाशी ठरवलं. कोणापाशी बोलल्या नाहीत. बोलण्यासारखं ते नव्हतंच; तेव्हा सोनाली आठवीत होती आणि घरात फ्रीज नव्हता.

सोनाली शिकली, सरकारी रुग्णालयात नर्स झाली, तिचं लग्न झालं, ती जवळच धानोरीला राहायला गेली. कांताबाई निवृत्त झाल्या. त्यानंतर दोन वर्षांनी एका दुपारी त्यांनी लेकीला समोर बसवून सांगितलं, "निवृत्तीची रक्कम मी जपून ठेवली आहे. मला आफ्रिकेत जायचंय. गोरिला बघायला."

सोनाली म्हणाली, "आई, तू लोणावळ्याच्या पलीकडे कधी गेली नाहीस."

"चैत्यभूमीला जाते की दरवर्षी," कांताबाई म्हणाल्या. "आणि दीक्षाभूमीला दोनदा."

सोनालीने पुढे वाद घातला नाही. तिने फक्त आईचं ब्लडप्रेशर मोजलं आणि ते वहीत लिहून ठेवलं.

आमोद हा कांताबाईंच्या विभागातला जुना विद्यार्थी. दोनदा नापास होऊन तिसऱ्यांदा पास झालेला. आता तो जंगल सहली काढत असे आणि नारायण पेठेत त्याचं दोन खोल्यांचं ऑफिस होतं. दर वर्षी सात जणांना तो स्वतः गोरिलांच्या जंगलात घेऊन जाई. कांताबाईंनी नाव नोंदवलं तेव्हा तो खुर्चीतून उठून उभा राहिला.

"मावशी, तुम्ही येणार? मग माझी परीक्षाच आहे."

"तुझी नाही, माझी," त्या म्हणाल्या. "नियम काय आहेत ते सांग. आणि मला सूट द्यायची नाही."

नियम साधा होता. गोरिलांचा कळप रोज जागा बदलतो, त्यामुळे चिखलातून, चढउतारांवरून किती तास चालावं लागेल याचा नेम नाही. म्हणून आमोद प्रत्येकाला आधी सिंहगडावर नेई. पायथ्याच्या आतकरवाडीतून पाठीवर पाच किलोची पिशवी घेऊन वर जायचं आणि साडेतीन तासांच्या आत खाली यायचं. जो येईल तो युगांडाला.

पहिली बैठक आमोदच्या ऑफिसात होती. कांताबाई सवयीप्रमाणे वेळेच्या पंधरा मिनिटं आधी जाऊन दाराजवळच्या खुर्चीवर बसल्या. एकेक जण येऊ लागला. बँकेतून निवृत्त झालेले श्याम आपटे आत आले, त्यांनी खोलीवर नजर फिरवली आणि कांताबाईंना म्हणाले, "दोन चहा सांगा बाई. एक बिनसाखरेचा."

एकतीस वर्षांची सवय. कांताबाई अर्ध्या उठल्यासुद्धा. मग त्यांच्या लक्षात आलं. त्या परत बसल्या, पदर सारखा केला आणि शांतपणे म्हणाल्या, "मलाही बिनसाखरेचाच चालेल. तीन सांगा."

आपट्यांना कळायला क्षणभर लागलं. कळलं तेव्हा ते चष्मा पुसत बसले. तेवढ्यात आमोद आतल्या खोलीतून आला आणि म्हणाला, "या आमच्या कांतामावशी. यांनी मला माकडाची कवटी ओळखायला शिकवली." आपटे म्हणाले, "अस्सं," आणि चहा सांगायला स्वतः जिन्यावर गेले.

सिंहगडाच्या दिवशी कांताबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा पँट घातली. वर खमीस आणि पायात सोनालीने आणलेले बूट. चढ त्यांनी पावणेदोन तासांत केला आणि वर दही खाताना त्या खुशीत होत्या. पण उतरताना अर्ध्या वाटेवर डावा गुडघा आडमुठा झाला. प्रत्येक पायरीला कळ. बाकीचे पुढे निघून गेले. आमोद त्यांच्याबरोबर थांबला. त्या खाली पोचल्या तेव्हा साडेचार तास होऊन गेले होते आणि सगळे गाडीपाशी वाट बघत होते.

आपटे घड्याळ बघून कोणाला उद्देशून नाही असं म्हणाले, "गोरिलांनी आपली वाट बघायची पद्धत नाहीये."

आमोदने कांताबाईंना बाजूला नेलं. त्याला बोलणं जड जात होतं. "मावशी, यंदा राहू दे. पुढच्या वर्षी बघू."

कांताबाईंना राग आला, पण तो आमोदचा नव्हता, आपट्यांचाही नव्हता. गुडघ्याचा होता. त्यांनी विचारलं, "नावं कधी पाठवतोस?"

"सात आठवड्यांनी."

"मग सात आठवड्यांनी मला परत आण इथे."

घरी येऊन त्यांनी सोनालीला सगळं सांगितलं. सोनालीने रुग्णालयातल्या फिजिओथेरपिस्टला गाठलं. त्याने गुडघा हलवून बघितला आणि सांगितलं, "सांधा ठीक आहे. मांडीत ताकद नाही. आणि उतरताना तुम्ही सगळं वजन एका पायावर आपटता." भिंतीला पाठ लावून बसायचा व्यायाम दिला, अंग बाजूला वळवून आडवं उतरायला शिकवलं, काठी कुठे टेकायची ते दाखवलं.

मग कांताबाईंनी जे सुरू केलं ते त्यांच्या इमारतीने बघितलं. पहाटे पाचला उठायचं, विहारात जाऊन वंदना करायची, आणि सहाला जिना. चार मजले वर, चार मजले खाली, पाठीवर पिशवी, पिशवीत पाच किलो ज्वारी. शेजारी दार उघडून विचारत, "दळण कुठल्या मजल्यावर नेताय?" कांताबाई सांगत, "युगांडाला." आठवड्यातून तीनदा बस पकडून पर्वतीला. तिथे त्या चढताना मोजत नसत, उतरताना मोजत. अर्धं अंग वळवून, काठी आधी, मग डावा पाय, मग उजवा. लोकांना वाटे बाईंना काहीतरी झालं आहे. दोन जणांनी तर हात द्यायची तयारी दाखवली. "मी परीक्षेची तयारी करते आहे," असं सांगून त्या पुढे जात.

मधल्या काळात कागदपत्रंही चालली होती. पासपोर्ट केंद्रात बोटांचे ठसे उमटेनात. फॉर्मॅलिनने आणि घासण्याने त्यांच्या बोटांवरच्या रेषाच गेल्या होत्या. काउंटरवरच्या मुलीने ओलं कापड दिलं, क्रीम लावायला दिलं, पाच वेळा, सहा वेळा प्रयत्न केला. "काय काम करायचात आजी?" तिने विचारलं. "प्राणिशास्त्रात होते," कांताबाई म्हणाल्या. सातव्या वेळी ठसे उमटले.

पिवळ्या तापाच्या लशीचं त्याहून अवघड. साठीनंतर ती लस जपून द्यावी लागते. लसीकरण केंद्रातल्या डॉक्टरांनी आधी तपासणीचा दाखला आणायला सांगितलं. रक्त, ईसीजी, साखर, सगळं झालं. रिपोर्ट वाचून डॉक्टर म्हणाले, "तुमचं ब्लडप्रेशर माझ्यापेक्षा चांगलं आहे." सोबत आलेल्या सोनालीची वही उघडी होती, तीन महिन्यांपूर्वीच्या आकड्यापेक्षा आजचा बारा अंकांनी कमी होता. कांताबाईंनी दंड पुढे केला.

सात आठवडे पूर्ण झाले. रविवारी सकाळी आतकरवाडीत आमोद उभा होता, आणि त्याच्या शेजारी श्याम आपटे.

"तुम्ही कशाला आलात?" कांताबाईंनी विचारलं.

"गेल्या खेपेला मी सव्वातीन तासांत आलो," आपटे म्हणाले, "पण नंतर चार दिवस मला जिना उतरता आला नाही. हे मी आमोदला सांगितलेलं नाही. तुम्ही काय करता ते बघावं म्हटलं."

कांताबाई वर गेल्या त्या एका लयीत. न बोलता, न थांबता. दीड तासात माथा. पाणी प्यायल्या, दह्याकडे बघितलंसुद्धा नाही आणि काठी पुढे टाकून उतरायला लागल्या. आडव्या, एकेक पाऊल. ज्या वळणावर मागच्या वेळी गुडघा अडला होता तिथे त्या थोड्या सावकाश झाल्या. पाय टेकला. दुखलं नाही. पुढचा टेकला. मग त्यांनी वेग वाढवला आणि तरुण मुलांचा एक घोळका बाजूला होऊन त्यांना वाट देऊ लागला.

खाली पोचल्या तेव्हा आमोदने मोबाइल पुढे धरला. तीन तास दोन मिनिटं.

"पास?" कांताबाईंनी विचारलं.

आमोद वाकून त्यांच्या पाया पडू लागला. "गुडघ्याला हात लावू नकोस," त्या म्हणाल्या, "आत्ताच दुरुस्त केलाय."

आपटे वीस मिनिटांनी आले. घामाघूम. आल्याआल्या त्यांनी विचारलं, "ते आडवं उतरायचं मला शिकवाल का?"

ऑगस्टमध्ये आमोद धरून आठ जण युगांडात पोचले. जंगलाच्या फाटकावर वनरक्षकांनी सकाळी सगळ्यांचं ताप-खोकल्याचं विचारलं, मास्क दिले आणि सांगितलं की माणसाची साधी सर्दीही गोरिलाला महागात पडते. कांताबाई आदल्या आठवडाभर कोणाच्या घरी चहालाही गेल्या नव्हत्या.

कळप रात्रीतून दरीच्या पलीकडे गेला होता. चार तास चालावं लागलं. अंगाची आग करणाऱ्या नेटल्सच्या झुडपांतून, घोट्यापर्यंत चिखलातून, वेली कापत. तिसऱ्या तासाला आपटे एका खोडावर बसले. वाटाड्याने सांगितलं, खुर्चीत बसवून उचलून नेणारी माणसं बोलावता येतात. आपट्यांनी कांताबाईंकडे बघितलं.

"उठा," कांताबाई म्हणाल्या. "काठी आधी, मग डावा."

ते उठले.

आणि मग वाटाड्याने हात वर करून सगळ्यांना थांबवलं. पानं हलली. काळ्याभोर केसांची एक मादी हिरवा पाला तोंडात कोंबत उताराला बसली होती. तिच्या पाठीवरून एक पिल्लू घसरत होतं, परत चढत होतं, परत घसरत होतं. आठ माणसं श्वास रोखून उभी. कांताबाईंनी फोन काढला नाही. त्यांना एक तास मिळाला होता आणि तो त्यांना डोळ्यांनीच हवा होता. पिल्लू एकदा गडगडत खाली त्यांच्या दिशेने आलं, उभं राहून त्याने छातीवर चार थापट्या मारल्या आणि तोल जाऊन पाठीवर पडलं. आईने मान वळवली, माणसांकडे एकदा नीट बघितलं आणि ती पुन्हा पाला तोडायला लागली. आपल्यावर तिने भरवसा ठेवला, असं कांताबाईंना वाटलं. मास्कच्या आत त्या हसत होत्या, आणि गालांवरून पाणी वाहत होतं ते सगळंच्या सगळं आनंदाचं होतं.

परत आल्यावर विहारातल्या मुलांनी त्यांना बोलायला बोलावलं. दहा मिनिटं ठरली होती, दीड तास झाला. आमोदने पुढच्या वर्षीच्या सहलीची जाहिरात केली तेव्हा त्यात एक ओळ नवीन होती: चालण्याची तयारी कांता ओव्हाळ करून घेतील. आता दर रविवारी सकाळी सहाला पर्वतीच्या पायथ्याशी बारा-पंधरा माणसं पिशव्या घेऊन जमतात. इंजिनियर आहेत, डॉक्टर आहेत, एक निवृत्त न्यायाधीश आहेत. उशिरा येणाऱ्याला कांताबाई घेत नाहीत. गेल्या रविवारी एकजण धावत आला आणि म्हणाला, "मॅडम, फक्त पाचच मिनिटं झालीत."

"हो ना," कांताबाई म्हणाल्या, "पुढच्या रविवारी दहा मिनिटं आधी या." आणि बाकीच्यांना घेऊन त्या चढायला लागल्या.