पळसाचा रंग जुळवताना

माझा एक ब्लॉग आहे, वऱ्हाडी जेवणाचा. आजकाल ब्लॉग कोण वाचतं, असं लोक विचारतात. वाचणारे वाचतात, बाकीच्यांनी रील पाहावेत! ऋतू पालटला की मी त्याचे रंगही पालटते. पावसाळ्यात धानाचा हिरवा, हिवाळ्यात तुरीच्या फुलांचा पिवळा, फाल्गुनात पळसाचा केशरी. पण शेवटचा शब्द आईचा. नागपुरात आम्ही दोघीच राहतो आणि रंगांच्या बाबतीत या घरात माझं मत कोणी विचारत नाही.

आई रंग जुळवते ते साडीवर ब्लाउजपीस जुळवावा तसे. सीताबर्डीच्या मॅचिंग सेंटरमध्ये ती काउंटरवर रंग कधीच पास करायची नाही. कापड उचलायचं आणि थेट दुकानाच्या पायरीवर, उन्हात. "ट्यूबलाइटात रंग फसवते," हे तिचं ब्रह्मवाक्य. ब्लॉगलाही तोच कायदा. मी लॅपटॉप अंगणात न्यायचा, तिनं खरं फूल स्क्रीनला टेकवून बघायचं. आता भर उन्हात स्क्रीनवर काय दिसणार, कपाळ? "फिक्कं आहे वं, गडद कर." मी करायची. "अजून कर."

असं करत करत ब्लॉग पार भडक झाला. एका वाचकानं लिहिलं, ताई, आता गॉगल लावून वाचतो. मी चिडायची ती उन्हावर. नागपूरचं ऊन, त्याच्यापुढे बिचारा लॅपटॉप काय टिकणार! आईवर शंका घ्यावी असं मनातही आलं नाही.

यंदा पळस फुलला तेव्हा अंगणभर सांडगे वाळत होते, पाय ठेवायला जागा नव्हती. म्हणून घरातच बसलो. मी लॅपटॉप नुसता उघडला होता, स्क्रीनवर हिवाळ्याचा तुरीचा पिवळाच होता. आईनं पळसाचं फूल त्याच्यावर धरलं आणि म्हणाली, "हां, आता जुळला."

"आई, मस्करी काहून करून राहिली?"

"मस्करी कशाची? एकच तर रंग आहे."

घरात ऊन नव्हतं.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आणि चांगलाच पिकलेला. डॉक्टर म्हणाले, आधी उजवा करू. पण मागचा पडदा कसा आहे ते आत्ता नीट दिसत नाही, किती दिसेल ते ऑपरेशननंतरच कळेल. एवढं ऐकून आई हटूनच बसली. "जेवढं दिसते तेवढं पुरे आहे मले. तेही गेलं तर?" मी रागावले, विनवण्या केल्या, अबोला धरला. खरं सांगते, भीती मलाही तेवढीच होती. तिला दिसेनासं झालं असतं तर तो निर्णय माझा असता. शेवटी ती म्हणाली, "तू म्हणते म्हणून," आणि माझा जीव आणखीच घाबरा झाला.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. डॉक्टरांनी बोटं दाखवली, तिनं बरोबर सांगितली. पण नेमकं कसं दिसतंय, हे मी ऑटोतही विचारायला धजेना. घरी येऊन पलंगावर बसली, काळा चष्मा काढला आणि भिंतीकडे बघत राहिली.

"ही भिंत पांढरी आहे?"

"पांढरीच आहे. दिवाळीत नाही का रंगवली?"

"मले वाटलं, तू बदामी लावला."

मग म्हणाली, ब्लॉग दाखव. दाखवला. "अगं माय! इतका भडक? कोनं केलं हे?" मी हसायला लागले आणि हसता हसता रडूच फुटलं. तिचं लक्ष नव्हतं. ती एक डोळा मिटायची, मग तो उघडून दुसरा मिटायची. "पाह्य बरं, या डोळ्यानं सारं चहात बुडवल्यासारखं, अन् या डोळ्यानं..." पुढचा शब्द तिला सापडेना. खिडकीतलं आभाळ, स्टीलचा गडू, स्वतःच्या साडीचे निळे काठ, सगळं ती असंच दोन-दोनदा बघत होती.

मीही एकेक डोळा मिटून पाहिला. मला दोन्हींतून सारखंच दिसलं. मी थक्क झाले. एका घरात, एका ताटाशी बसून ती वेगळ्याच रंगांच्या जगात राहत होती. तिथूनच माझ्या साड्या निवडत होती, मला नावं ठेवत होती. आणि एका सकाळीत तिचा निळा, तिचा पांढरा, सगळे रंग परत आले होते. असं काही होऊ शकतं यावर माझा विश्वासच बसेना.

थेंब टाकायची वेळ झाली. मी थेंब टाकले आणि म्हटलं, "आता डोळे मिटून पड थोडा वेळ. डॉक्टरांनी आराम सांगितलाय."

"बंद काहून करू वं?" तिनं माझा हात धरला. ती आता माझ्या तोंडाकडे बघत होती. "पाहू दे मले."