तो बाहेर का गेला

वाळवंटात पावसाने भाऊ गेला म्हणून रजा हवी, असं मी अर्जात लिहिलं तेव्हा हेडक्लार्कने माझ्याकडे दोनदा पाहिलं. त्यांचं काही चुकलं नाही. तार वाचून आम्हालाही आधी ते खरं वाटलं नव्हतं. माझा थोरला भाऊ मारवाडात रस्त्याच्या कामावर ओव्हरसियर होता. अतिवृष्टीत मृत्यू, अंत्यविधी उरकला, एवढंच तारेत होतं.

बोरीवलीच्या घरून निघताना आई रडली नाही. ती संतापली होती. कोकणात वाढलेली बाई. पाऊस लागला की घरात यायचं आणि दार लावायचं, हे तिने आम्हा दोघांना धपाटे घालून शिकवलं होतं.

"इतको पाऊस असताना तो भायर कित्याक गेलो, ता इचारून ये," एवढंच तिने मला सांगितलं.

जोधपूरच्या पुढे रूळ वाहून गेले होते. शेवटचे काही कोस उंटगाडीने गेलो. वाळूवर गुडघाभर गवत, खड्ड्याखड्ड्यात पाणी, आणि बायका गात होत्या. असा पाऊस तिथल्या म्हाताऱ्यांनीही पाहिला नव्हता. गाव खुशीत होतं आणि मला त्या गावाचा राग आला. मी दिसलो की गाणं थांबायचं, त्याचाही राग आला.

भावाच्या खोलीच्या जागी चिखलाचा ढीग होता. घरमालक साठीचा माणूस. हात जोडून उभा राहिला आणि हिंदीत सांगू लागला. मातीचं घर, वर मातीचंच सपाट छप्पर. भिजून जड झालं की ते खाली बसतं, म्हणून मोठा पाऊस आला की इथली माणसं आधी घराबाहेर पडतात. त्या सकाळीही खाटा, पोरंबाळं, शेळ्या घेऊन सगळे उंचवट्यावर जाऊन भिजत बसले होते. भावाला त्याने तीनदा हाक मारली. तो दारात आला, हसला.

"काका, हमारे यहाँ बारिश में लोग घर के अंदर जाते हैं," म्हणाला आणि त्याने दार लावून घेतलं.

मी तिथेच चिखलात बसलो. मी त्या खोलीत असतो तर मीही तेच केलं असतं.

गावाने जपून ठेवलेल्या अस्थी वाटेत नर्मदेत सोडल्या आणि घरी आलो. आई दारातच उभी होती.

"इचारलंस?"

चोवीस तास गाडीत बसून मी उत्तर ठरवलं होतं. "तो मजुरांका बघूक भायर गेलो होतो," मी म्हणालो.

"माका म्हायत होता. कोणाचा आयकाक नको त्याका."

मग ती रडली. पुढे ती होती तोवर दर पावसाळ्यात तिने त्याला हाच बोल लावला, शेजारणींना सांगितला, माझ्या मुलांना सांगितला. आणि तो गेला तो तिचंच ऐकून, हे मी तिला शेवटपर्यंत सांगू शकलो नाही.