ठिगळबाईंचा अनुभवाचा दाखला

ग्रंथालयाचा सगळा कारभार ज्या प्रोग्रामवर चालायचा, तो मुक्त होता. म्हणजे कोणीही फुकट घ्यावा, उघडून बघावा आणि हिंमत असेल तर दुरुस्त करावा. तिथे काम करणाऱ्या बाईंना हिंमत होती. एकाच नावाच्या दोन वाचकांची खाती एकमेकांत मिसळायची, आणि एका निवृत्त मास्तरांच्या नावावर भलत्याच हेरकथा चढायच्या. मास्तर रोज येऊन भांडायचे. बाईंनी चूक शोधली आणि दुरुस्ती करून तो प्रोग्राम सांभाळणाऱ्या जगभरच्या मंडळींकडे पाठवली. अशा दुरुस्तीला पॅच म्हणतात. थोरल्या भावाने त्याचं मराठी केलं, आणि त्या ठिगळबाई झाल्या. पुढे प्रोग्रामचा मूळ कर्ता कंटाळला आणि सगळं बाईंच्या गळ्यात घालून मोकळा झाला. कोणाचं ठिगळ लावायचं, कोणाचं परत पाठवायचं, हे आता त्याच ठरवत.

ग्रंथालयात मात्र त्या हंगामी. कायम जागा निघाली तेव्हा अट आली: पदवी, नाहीतर प्रोग्रामच्या मालकाकडून सहीशिक्क्याचा अनुभवाचा दाखला. कॉलेज बाईंनी अर्ध्यावर सोडलं होतं.

"संध्याकाळचे वर्ग लाव," दादा म्हणाला. "कागद असला की लोकांची तोंडं बंद होतात."

"येत असलेलं शिकायला फी भरू?"

"मग दाखला आण."

"कोणाकडून? मालकच नाही त्याला. सांभाळते ती मी."

"मग घे स्वतःच स्वतःला देऊन."

दादा थट्टा करत होता. बाईंनी मनावर घेतलं. 'सदर बाईंना मी जन्मापासून ओळखते' अशी सुरुवात करून त्यांनी दाखला लिहिला, शिक्का बनवून घेतला. वर्तणुकीपुढे मात्र 'बरी' एवढंच लिहिलं.

निवड समितीच्या साहेबांनी तो दोनदा वाचला. "देणारी आणि घेणारी, सही एकच आहे."

"वेगळी असती तर भानगड होती, साहेब."

साहेब माणूस वाईट नव्हता. खुर्ची पुढे ओढून म्हणाला, "एक सुचवतो. आमचे उपसंचालक इंजिनिअर आहेत. काम त्यांच्या मार्गदर्शनाखाली केलं, असं लिहून द्या. कोणी काय केलं याची प्रोग्राममध्ये नोंद असते ना, तिच्यात त्यांचं नाव वर, तुमचं खाली. जागा तुमची."

खोटं कशाला सांगा, घरभाडं बाईंच्या डोळ्यांपुढून गेलं.

"घालते की नाव," त्या म्हणाल्या. "एक दुरुस्ती करून पाठवू दे त्यांना. लहानशी चालेल."

"अहो, ते अधिकारी आहेत."

"मग राहू दे."

जागा एका ताज्या पदवीधराला मिळाली. बाई दोन छापखान्यांचे संगणक सांभाळू लागल्या, आणि दादाने काही दिवस अबोला धरला. प्रोग्राम मात्र बाईंकडेच राहिला. समितीने तो दिलाच नव्हता, तर काढून काय घेणार?

मग त्या पदवीधराचं पहिलं ठिगळ आलं. सहीखाली पदवी, श्रेणी, विद्यापीठ, सगळं. दुरुस्ती खरंच चालते हे दाखवणारी चाचणी जोडली नव्हती म्हणून बाईंनी परत पाठवलं. दुसऱ्या खेपेला एक सुधारलं होतं आणि दुसरं बिघडलं होतं. कुठे ते नीट समजावून, तेही परत.

"सूड उगवतेस होय?" दादाने विचारलं.

"सूड असता तर पहिलंच त्याच्या नावावर लावून टाकलं असतं."

पुढचं चोख आलं. बाईंनी ते लावलं आणि नोंदीत त्याचं नाव घातलं. पदवी तेवढी गाळली. तिच्यासाठी त्या नोंदीत रकाना नाही, आणि तो करायचा बाईंचा विचारही नाही.