स्क्रीनपुरता चष्मा

भिगवणच्या ऑनलाइन केंद्रातल्या बाई हनुवटी वर करूनच बोलायच्या. "थांबा, सर्व्हर फिरतोय," हेसुद्धा छताकडं बघितल्यागत. मला तो माज वाटायचा. पण दुहेरी चष्म्याच्या खालच्या काचेतून स्क्रीन वाचायची तर मान वर करावीच लागे, आणि ती रोज दुखायची.

यंदा त्यांनी बारामतीहून खास स्क्रीनच्या अंतराचा चष्मा करून आणला. मान सरळ झाली, पण काउंटरपलीकडची माणसं पुसट दिसू लागली.

"मग जुनाच घाला की," मी म्हणालो.

"न्हाय. मान मोडून काम आता व्हायचं न्हाय."

बाई उठल्या. काउंटरबाहेरचं स्टूल उचलून त्यांनी आत, स्क्रीनला खेटून ठेवलं.

"हितं बसा, आबा. हितं नीट दिसताय तुमी."