कोपरा फाटलेलं कार्ड

आमच्या नंदनवन भागातल्या नव्या लेआउटला, म्हणजे प्लॉट पाडून वसलेल्या वस्तीला, तेव्हा पोस्टमन नेमलेला नव्हता. पत्रं दूरच्या पोस्टात येऊन पडत. तरीही सन १९७४ पासून आमचं टपाल रोज दुपारी चारच्या सुमारास बिनबोभाट दारात येई, ते कवडू रामटेकेमुळे.

कवडू हिंगण्याच्या एका कारखान्यात फिटर. पहिली पाळी सुटली की कंपनीच्या बसमधून पोस्टापाशी उतरायचा आणि खिडकीवरून सगळ्या लेआउटची पत्रं आपल्या रिकाम्या जेवणाच्या डब्यात भरून आणायचा. तीन गल्ल्या, तीन कप्पे. त्याला हे काम कुणी सांगितलं नव्हतं आणि कधी आठवणही करावी लागली नाही. माझ्या नोकरीच्या पत्राला लसणाचा वास होता, पण ते वेळेवर आलं.

एक गोष्ट मात्र तो कटाक्षाने पाळायचा. पत्त्यावरचं नाव सोडून एक अक्षर वाचायचा नाही, मग ते उघडं पोस्टकार्ड का असेना. बायकोच्या, पंचफुलाच्या, माहेरचं कार्डही तो न वाचता तिच्या हातात ठेवी. मला त्याचं कौतुक होतं आणि एवढा कसला ताठा, म्हणून थोडा रागही यायचा.

एका उन्हाळ्यात शेजारच्या सिंधूताईंचा जीव टांगणीला लागला होता. मुलगी लतिका गोंदियाला सासरी, दिवस भरलेली. पहिलं मूल गेलेलं, म्हणून डॉक्टरांनी प्रवासाला मनाई केली होती. सिंधूताई चार वाजले की फाटकाशी येऊन उभ्या राहत.

एका दुपारी कवडूने आमच्या ओट्यावर डबा उघडला आणि त्याचा चेहरा उतरला. सिंधूताईंच्या नावाचं, गोंदियाचा शिक्का असलेलं कार्ड. त्याचा कोपरा फाटलेला. कोपरा फाटलेलं कार्ड म्हणजे मरणाची खबर. वाचायचं, फाडून टाकायचं, घरात ठेवायचं नाही, हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक.

तो फाटकाशी गेला. मी मागोमाग.

"जेवल्या का तुम्ही, ताई?"

"चार वाजता काय जेवण विचारतं गा? कार्ड आलं का?" मग त्यांना कोपरा दिसला. त्या तिथेच पायरीवर बसल्या. "मी नाही हात लावत. तू वाच."

"मी कोणाचं वाचत नाही, ताई."

"आज वाच. मले हिंमत होऊन नाही राहिली."

कवडूने कार्ड उलटलं. मग एका दमात वाचलं, "काल सकाळी लतिकाला मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत. काळजी नसावी."

"पुन्हा वाच."

त्याने तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा तोच रडत होता. मीही काही कोरडा राहिलो नाही.

संध्याकाळी पंचफुला डबा घेऊनच सिंधूताईंकडे आली. झाकणाच्या कडेत पिवळा कोपरा अडकलेला होता. गोल डब्यात चौकोनी कार्ड कोंबल्यावर दुसरं काय होणार? "तुमचाच डबा पत्राचे कान खाऊन राहिला," ती नवऱ्याला म्हणाली, "अन् तुम्ही लोकायले रडवून राहिले."

दुसऱ्या दिवसापासून कवडूच्या खांद्याला कापडी पिशवी आली. पंचफुलाने ती रातोरात शिवली होती.

कार्ड फाडून टाका, असं शेजारणींनी सिंधूताईंना परोपरीने सांगितलं. त्यांनी कुणाचंही ऐकलं नाही. तो कोपरा खळीने चिकटवून त्यांनी ते आरशाच्या चौकटीत खोचलं, आणि नात पहिल्यांदा घरी आली तेव्हा आधी तिला ते दाखवलं.